तपकिरी म्हणजे कुठला तपकिरी

काकांचं सगळं आयुष्य रंग जुळवण्यात गेलं होतं. मोटारीला पोचा पडला, पत्रा ठोकून सरळ झाला, की तेवढ्याच तुकड्याला उरलेल्या गाडीसारखा हुबेहूब रंग द्यायचा, हे त्यांचं काम. उन्हापावसात विटलेल्या गाडीचा विटका रंगसुद्धा ते असा जमवत, की ठिगळ कुठं लावलंय ते खुद्द मालकाला सापडू नये. आणि नेमके तेच डोळे दगा देऊन गेले. डोळ्यांतला पडदा मधोमध निकामी झालाय, असं डॉक्टर म्हणाले. समोरचं काही दिसेना. कडेकडेनं उजेड आणि आकार तेवढे कळत.

काकू घरीच शिवणकाम करायच्या. इमारतीत लहानथोर सगळे या दोघांना काका-काकूच म्हणत. नवऱ्याचे डोळे गेल्यावर काकूंनी रडारड केली नाही. मशीन चालू ठेवलं आणि घरातली सुई जिथल्या तिथे ठेवायची शिस्त सगळ्यांना लावली. पलीकडच्या रस्त्यावर राहणारा मुलगा मात्र हबकला होता. एका सुट्टीच्या दिवशी येऊन त्यानं बाबांच्या वाटेत येईल ते सगळं हलवलं. तिवई गेली, सतरंजी गुंडाळली गेली, आणि खिडकीपाशी ऐसपैस पसरलेला, मोठाल्या कातरलेल्या पानांचा मॉन्स्टेरा मशीनमागच्या कोपऱ्यात, कपाट आणि कपडे वाळत घालायचा घोडा यांच्या मध्ये कोंबला गेला.

हे झाड म्हणजे काकांचं शेंडेफळ. कुणीतरी फेकून दिलेली एक काडी त्यांनी पाण्यात ठेवून जगवली होती. आता ते काकूंच्या डोक्यावर गेलं होतं. त्याच्या फांद्या वाटून वाटून इमारतीत प्रत्येक मजल्यावर त्याचं एखादं तरी पोर नांदत होतं. बाप बघू शकत नाही, तर निदान झाडाचे लाड कमी पडू नयेत, म्हणून काकू रोज संध्याकाळी काम आवरलं की तांब्यानं त्याला वरून न्हाऊ घालत.

तरी पानांवर डाग पडू लागले. आधी खालच्या एका पानावर, मग शेजारच्या, मग त्याच्या पलीकडच्या. काकूंनी मुलाच्या कानावर घातलं. बाबांना इतक्यात सांगायला नको, असं मायलेकांचं ठरलं. मुलानं खताची बाटली आणली. गुण येईना, तेव्हा किडीवरचा फवारा आणला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत. डाग आपले पसरतच राहिले.

काका रोज सकाळी कोपऱ्यात जाऊन पानांवरून हात फिरवत. एकदा त्यांचं बोट एका जागी थांबलं. तिथं पान कागदासारखं कुरकुरीत लागत होतं, आणि किंचित खोलगट.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

काकूंनी सगळं सांगितलं. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही, लपवणंही फार दिवस जमलं नसतंच.

"माझे डोळे गेलेत. डोकं शाबूत आहे," काका म्हणाले. "आता तू बघ आणि मला सांग. डागाचा रंग कुठला?"

"तपकिरी."

"तपकिरी म्हणजे कुठला तपकिरी?"

काकूंना ते लागलं. कापडाला दोरा जुळवण्यात ज्या बाईचा हात धरणारं कुणी नव्हतं, तिला हा प्रश्न? त्यांनी चष्मा पुसला, स्टूल ओढलं आणि पान हातात घेऊन नीट बघायला बसल्या.

"मधे सुती कापडावर इस्त्री जरा जास्त वेळ राहिली तर पडतो ना, तसा," त्या सावकाश म्हणाल्या. "कडेला गडद होत गेलाय. चहा सांडून वाळला की कड उरते, तशी. आणि त्याच्याभोवती पिवळी किनार आहे."

"ओलसर दिसतो? तेलाचा थेंब पडल्यासारखा? उजेडात धरून बघ."

"नाही. कोरडा ठाक आहे. एकात एक वलयं दिसतायत."

काकांचा चेहरा उजळला. वर्कशॉपमध्ये एखादा अवघड रंग जमत आला की ते असेच दिसायचे. मग प्रश्नामागून प्रश्न. पानामागे काही चालतंय का? काकूंनी अस्तराचा पांढरा तुकडा पानाच्या खालून फिरवला. कापडाला नुसती धूळ लागली, किडा नाही की जाळं नाही. डाग जास्त कुठं आहेत? खालच्या, भिंतीकडच्या, घोड्यावरच्या ओल्या कपड्यांना टेकणाऱ्या पानांवर. शेंड्याची पानं? स्वच्छ. पाणी कधी घालतेस? संध्याकाळी. कसं? वरून. हे शेवटचं उत्तर देतानाच काकूंच्या लक्षात आलं आणि त्यांचा आवाज बारीक झाला.

"बुरशी आहे," काका म्हणाले. "ओलसर कोंदट खोलीत रंग मारला की फुगे यायचे आमच्याकडे. तसंच हे. पान रात्रभर ओलं राहिलं आणि वारा लागला नाही, की बुरशीला आयतं घर मिळतं."

"म्हणजे मीच केलं."

"तू प्रेमानं घातलंस गं पाणी. बुरशीला काय कळतंय ते."

काकूंना हसू आलं, आणि डोळेही भरून आले. त्या उठल्या आणि कापडाखेरीज कशालाही न लावलेली आपली कात्री घेऊन आल्या. या कात्रीनं मुलानं लहानपणी एकदा कागद कापला होता, तर दिवसभर त्याच्याशी त्या बोलल्या नव्हत्या. आज त्याच कात्रीनं त्यांनी अर्ध्याहून जास्त डागाळलेली पानं देठापासून कापली. दर पानानंतर पाती स्पिरिटनं पुसायची, नाहीतर कात्रीच रोग पसरवत फिरेल, असं काकांनी बजावलं होतं. कापलेली पानं पिशवीत बांधून थेट कचऱ्यात गेली.

संध्याकाळी मुलगा आला, तेव्हा काकांनी फर्मावलं, की झाड पुन्हा खिडकीपाशी न्यायचं. मुलगा कळवळून म्हणाला, की तुम्ही अडखळून पडाल. काकूही आतून घाबरल्या होत्या.

"माझ्यासाठी घर रिकामं करत सुटलात," काका शांतपणे म्हणाले. "मी काय इथं पाहुणा आहे? झाड कुठं आहे ते मला ठाऊक असलं की झालं. त्याला उजेड आणि वारा पाहिजे. मला सवय पाहिजे. दोघांचंही होईल."

मुलानं कुंडी सरकवली. काका उठले. पहिल्यांदा एक भलंमोठं पान त्यांच्या खांद्यावर आपटलं आणि मुलगा धावला, पण काकांनी हातानंच त्याला थांबवलं. माघारी वळून ते पुन्हा निघाले, पानाची कड बोटांनी चाचपत झाडाला वळसा घालून थेट खिडकीत जाऊन उभे राहिले. पाठ ताठ, मान वर. काकू बघत राहिल्या. डोळे गेल्यापासून हा माणूस त्यांना इतका उंच दिसला नव्हता. मुलगा कोपऱ्यातली तिवईही पुन्हा जागेवर ठेवू लागला.

मग घरात नवा नेम सुरू झाला. पाणी सकाळीच, तेही फक्त मातीत. माती वरून सुकली की नाही ते काका बोट खुपसून सांगणार, तोवर थेंब नाही. कपड्यांचा घोडा गॅलरीत गेला. पानांवर चुकून पाणी उडालं तर काकू कोरड्या फडक्यानं टिपून घेत, आणि दर आठवड्याला पान न् पान वरून-खालून तपासून काकांना अहवाल देत. ठेवलेल्या पानांवरचे डाग जात नाहीत म्हणून मुलगा हिरमुसला, तेव्हा काका म्हणाले, की गेलेला रंग परत येत नसतो. डाग पुढे पसरला नाही, म्हणजे आपण जिंकलो. आणि तो पसरला नाही. शेंड्याला गुंडाळीसारखं नवं पान आलं, हळूहळू उलगडलं, आणि त्यावर डाग औषधालाही नव्हता.

ही बातमी इमारतभर व्हायला वेळ लागला नाही. एका दुपारी वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई आपली कुंडी कडेवर घेऊनच आल्या. याच झाडाचं पोर ते. त्याच्याही पानांवर डाग पडले होते, आणि फेकून द्यावं की काय, अशा विचारात त्या होत्या. त्यांनी कुंडी काकांपुढे ठेवली.

"मला नाही, हिला दाखवा," काका म्हणाले. "बघायचं खातं हिच्याकडे आहे."

काकूंनी मशीन थांबवलं. पान उजेडात धरलं, उलटं केलं, अस्तराचा तुकडा फिरवला. काका काही सुचवतील म्हणून क्षणभर थांबल्या, पण ते नुसते ऐकत होते.

"काचेकडची बाजूच तेवढी गेलीय ना?" काकूंनी बाईंना विचारलं. "दुसऱ्या बाजूची पानं चांगली आहेत. उन्हात राहून पडदा विटतो तसा पांढुरका रंग आहे, पिवळी किनार नाही, खाली काही चालत नाही. हा रोग नव्हे. ऊन लागलंय त्याला. खिडकीपासून जरा आत घ्या किंवा मधे पातळ पडदा लावा. फवारा मारू नका, आणि फेकू तर अजिबात नका."

बाई कुंडी पोटाशी धरून खुशीत वर गेल्या. काकू मशीनवर बसल्या. काकांनी मुलाला फोन लावला आणि आतल्या खोलीतून त्यांचा आवाज आला, जरा गरजेपेक्षा मोठाच.

"अरे, तुझ्या आईनं आज मला न विचारता रोग ओळखला. रोग नाही हे ओळखलं, ते तर आणखी अवघड. नाही, मी एक अक्षर बोललो नाही. तिचं तिनं."

काकू ऐकत होत्या. पायाखालचं मशीन चाललं होतं, आणि सुईखाली कापड घालायचं राहून गेलंय, हे त्यांच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.