डाव्याच्या जागी उजवा

पोलीस म्हटलं की लोकांना शिट्टी आठवते, काठी आठवते, फार तर सायरन. जिल्ह्याच्या मुख्यालयात जिन्याखालून मागे वळलं की ठशांची खोली लागते. तिथे बसणाऱ्या दोन बायका कुणाला कशाला आठवतील? त्यांना ना गणवेश, ना कुणाचा सलाम. साहेबांची बोलणी मात्र वेळच्या वेळी मिळायची.

त्यातली एक रजावाली. वीस वर्षं तिने रजेचे अर्ज तपासले होते. कुठल्या शिपायाची आजी कितव्यांदा वारली हे तिला तोंडपाठ. दोनच महिन्यांपूर्वी तिची या खोलीत बदली झाली. दुसरी ठसेबाई. बोटांचे ठसे घेण्यात तिची सारी नोकरी गेली होती आणि पाच महिन्यांत ती निवृत्त व्हायची होती. आपल्या सेवापुस्तकात एकही लाल शेरा नाही, हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवायचीच. रजावाली मनात म्हणायची, जुळवतं यंत्र आणि तोरा हिचा!

त्या दिवशी मात्र तोरा कुणालाच सुचत नव्हता. सरकारी रुग्णालयात तीन आठवड्यांपासून एक म्हातारा पडून होता. बसथांब्यावर कोसळलेला सापडला, झटक्याने वाचा गेली, उजवी बाजू लुळी पडली. खिशात एक कंगवा आणि रुमाल, बाकी काही नाही. नाव सांगता येईना, लिहिता येईना. रुग्णालयाला खाट रिकामी हवी होती. पाच वाजता गाडी येणार आणि त्याला दूरच्या बेवारशांच्या आश्रमात नेणार. तिथे गेलेलं माणूस पुन्हा कुणाला सापडत नाही, हे खात्यात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या बोटांचे ठसे आदल्या दिवशी रजावालीनेच घेतले होते.

यंत्राने उत्तर दिलं : नोंद नाही.

आता फक्त कागदावर शिक्का मारायचा होता. रजावालीने शिक्का उचलला, शाईवर टेकवला, आणि तिचा हात काही पुढे जाईना.

"बाई, तुम्ही एकदा बघा ना. माझ्या समाधानासाठी."

"तुझं समाधान करायला सरकार मला पगार देत नाही," ठसेबाई म्हणाली, पण भिंग डोळ्याला लावूनच म्हणाली.

पाच मिनिटं, दहा मिनिटं. दहाही बोटं तिने रेघ न् रेघ वाचली. "अगं, बघ तरी," ती हळूच म्हणाली. रजावालीने भिंगातून पाहिलं. एवढ्याशा अंगठ्यावर केवढा तो पसारा! रेघा निघत होत्या, वळत होत्या, फुटत होत्या, मध्येच थांबत होत्या. "आईच्या पोटात असताना उमटतात या. माणूस म्हातारं होतं, आजारी पडतं, स्वतःचं नाव विसरतं. या तशाच राहतात. आणि जगात दुसऱ्या कुणाच्या नाहीत." रजावालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. दोन महिने ती या रेघांना शाईचे डाग समजत होती!

"याच्या तळव्याला घट्टे आहेत का गं? काठी धरल्याचे?"

"आहेत. दोन्ही हातांना."

"म्हणजे पहारेकरी असू शकतो. पहारेकऱ्यांचे ठसे परवान्यासाठी आपणच घेतो. मग नोंद नाही कशी?" ठसेबाईने भिंग खाली ठेवलं. तिचा चेहरा उतरला होता. "यंत्राला हात उलटे घालून दे. उजवा डाव्याच्या जागी, डावा उजव्याच्या."

"असं कसं?"

"ठसे घेताना माणूस आपल्या समोर उभा असतो. त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. परवान्याचे ठसे घेणारा नवखा कारकून घाईत उजवा हात डाव्याच्या रकान्यात उमटवतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाच्या हातून हे होतं. यंत्र बिचारं उजव्याशी उजवाच ताडून बघतं."

रजावालीने हात उलटे घातले. यंत्र घरघरलं आणि पडद्यावर ठशांची एक जुनी पत्रिका आली. पहारेकऱ्याचा परवाना, तरणा चेहरा, पूर्ण नाव, पत्ता. दहाच्या दहा बोटं जुळत होती. रजावाली आनंदाने ओरडणार, तोच तिची नजर तळाशी गेली. ठसे घेणाऱ्याची सही. कोवळी, गोलगोल, पण ओळखू येणारी.

"माझी आहे," ठसेबाई म्हणाली. "नोकरीचा तिसरा दिवस."

पत्रिकेवरच्या पत्त्यावरून नंबर शोधून फोन लावला. घर विकलं गेलं होतं, पण नव्या मालकाकडे मुलीचा नंबर होता. ती दुसऱ्या जिल्ह्यात राहत होती; बाप हरवल्याची तक्रार तिथल्या ठाण्यात देऊन रोज तिथे खेटे घालत होती. फोनवर ती म्हणाली, "मी निघालेच!" पण तिला यायला तीन तास लागणार होते, आणि घड्याळात चार वाजून गेले होते.

गाडी थांबवायला लेखी ओळख हवी. पण हात उलटे असलेली पत्रिका वैध धरत नाहीत. ती धरायची तर मूळ चूक कुणाची, हे त्याच कागदावर सहीनिशी कबूल करावं लागतं.

"बाई, साहेब शेरा मारतील. पाच महिने राहिलेत. यंत्राची चूक म्हणून लिहू या?"

"यंत्राने कशाला माझं पाप डोक्यावर घ्यावं?" ठसेबाईने पेन उघडलं आणि ठळक अक्षरात लिहिलं : चूक माझी. रजावाली बघतच राहिली. या बाईला आपण तोरेवाली म्हणत होतो!

दोघी रिक्षाने पोहोचल्या तेव्हा म्हाताऱ्याला गाडीत बसवलं होतं आणि चालक दार लावत होता. कागद पाहून तो कुरकुरत बाजूला झाला. ठसेबाई धापा टाकत आत चढली, म्हाताऱ्यासमोर बसली आणि तिने त्याचं नाव घेतलं. त्याचं, बापाचं, आडनावासकट, सावकाश.

म्हाताऱ्याने मान वर केली. तीन आठवड्यांत ते नाव त्याला कुणी ऐकवलं नव्हतं. त्याचे ओठ थरथरले, आवाज फुटेना. मग त्याने चालता हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर थाप मारली. पुन्हा मारली.

"हो, तुम्हीच. लेक निघालीय तुमची. उशीर माझ्यामुळे झाला, माफ करा," ठसेबाई म्हणाली आणि तिथेच रडू लागली.

त्याने खुणेनेच पुन्हा म्हणायला सांगितलं. तिने पुन्हा नाव घेतलं, त्याने पुन्हा छातीवर थाप मारली. लेक येईपर्यंत दोघांचं हेच चालू होतं.