अप्पांचा घास

अरे ऐक, नुसतं ऐक, मधे बोलू नकोस. खलिफा सिटीतला प्रकाशदादांचा हॉल, एसी फुल्ल, जेवायला आलेली मंडळी, आणि टीव्हीवर अलास्का ट्रिपच्या फोटोत हे एवढं मोठं अस्वल! फ्रिजएवढं. पुढचे दोन्ही पंजे थेट बसच्या दारावर. मुग्धावहिनी तर सोफ्यावरून उठल्याच.

"अगंबाई! सुनेत्रा, झूम करून काढलंयस ना?"

"कसलं झूम! मधे नुसती काच," दादांची बायको, सुनेत्रावहिनी म्हणाल्या. "आणि आलं कुणामुळे माहितीये? आमच्या तनयाबाईंमुळे. सँडविच सांडलं ना बाहेर!"

सगळे खो खो हसले. तेरा वर्षांची तनया कोपऱ्यात उशी पोटाशी धरून बसली होती, तीही थोडंसं हसली. आणि रिमोट घेऊन उभ्या असलेल्या तिच्या बाबांना, म्हणजे प्रकाशदादांना, वाटलं आत्ताच्या आत्ता लाइट जावी. पण अबू धाबीत लाइट जाते का कधी?

कारण सँडविच सांडलंच नव्हतं.

आता दादा माणूस कसा, ते आधी ऐक. कन्स्ट्रक्शन कंपनीत ड्रॉइंग आणि कागदपत्रं सांभाळायची नोकरी. रस्ता सगळा रिकामा असला तरी सिग्नलला उभे राहणार. युनिफॉर्म दिसला, अगदी मॉलच्या गार्डचा का असेना, की यांचा हात खिशातल्या आयडी कार्डावर. "एक चूक, की खलास. बॅग भरा, विमानात बसा." इतक्या वर्षांत एक फाइन नाही. असा माणूस.

अलास्काची हौस तनयाची. लहानपणापासून अस्वलांचं वेड. तिथलं ते डेनाली पार्क, अफाट रे! पार्कात आत जायचं ते त्यांच्याच बसने. थोडं वर गेलं की झाडंसुद्धा संपतात, नुसते डोंगर, आणि सप्टेंबरात जमीन लालेलाल. ज्याला प्राणी दिसेल त्याने 'स्टॉप' म्हणून ओरडायचं. तनयाने आधी कॅरिबू हेरला, तिकडचं हरीण, डोक्यावर शिंगांचं झाडच. मग कड्यावरच्या पांढऱ्या मेंढ्या. ड्रायव्हर एक म्हातारी बाई होती, तिने माइकवरून पोरीचं कौतुक केलं. दादा नुसते फुलून गेले.

त्याच माइकवरून ती हेही म्हणाली होती, "खाण्याचा कणसुद्धा बाहेर टाकू नका. माणसाचं अन्न चाखलेलं अस्वल पुन्हा माणसांकडे येतं. मग कधी कधी त्याला मारावं लागतं."

दादांनी ऐकलं. नीट ऐकलं. पण त्यांच्या जॅकेटच्या खिशात डबी होती.

पितृपक्ष चालू होता ना, आणि त्या दिवशी नेमकी अप्पांची, त्यांच्या वडिलांची तिथी. आईने कराडहून बजावलं होतं, "कुठं पण अस, कावळ्याला घास ठेव." खलिफा सिटीत ते दरवर्षी गच्चीच्या कठड्यावर ठेवतात. अलास्कात मुक्कामावरच पहाटे उठून भात शिजवला, वर दही, तूप.

बस नदीकाठी थांबली. लोक पाय मोकळे करायला उतरले, तनया बाकावर बसून सँडविच खायला लागली. आणि पलीकडे खडकावर दोन डोमकावळे! घारीएवढे. दादांना भरून आलं. अप्पा इथवर आले, एवढ्या थंडीत! टॉयलेटच्या मागे जाऊन त्यांनी सपाट दगडावर भाताची मूद ठेवली, हात जोडले.

"अप्पा, घ्या."

डोमकावळे माना वाकड्या करून बघत राहिले. शिवेचनात.

"अप्पा, आईला अबू धाबीला घेऊन येईन. तनयाला शिकवीन, तिला हवं ते शिकवीन."

तरी नाही. बसचा हॉर्न वाजला. आता पितरांपुढे ठेवलेला घास परत डबीत भरायचा? हात होईना त्यांचा. वळले, तर मागे तनया.

"बाबा, यू कान्ट!"

"श्श! खाईल कावळा आत्ता. चल."

बसमध्ये बसतात न बसतात तोच झुडपातून अस्वल! एका फटक्यात मूद साफ. दगड चाटला आणि वास घेत सरळ बसच्या दाराशी. किंकाळ्या, हॉर्न, आणि सुनेत्रावहिनींचा तो फोटो. मग पार्कचा एक रेंजर धावत आला, फटाक्यासारखे बार काढले, तेव्हा कुठे ते डोंगरावर पळालं.

रेंजर बसमध्ये चढला. युनिफॉर्म. कमरेला पिस्तूल.

"बाहेर खाणं कुणी ठेवलं?"

मागची एक बाई म्हणाली, "ती मुलगी खात होती."

सगळी बस तनयाकडे वळली. तनयाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी युनिफॉर्मकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

"आय अ‍ॅम सॉरी," तनया म्हणाली.

तो ओरडलासुद्धा नाही रे. तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "ते परत येऊ नये, एवढीच प्रार्थना कर." पोरगी मुक्कामापर्यंत रडत होती.

आणि आता हॉलमध्ये सगळे हसत होते. तेवढ्यात कराडहून आईचा व्हिडिओ कॉल.

"प्रकाश, इचारायचंच राहिलं बघ. कावळा शिवला का रे?"

तनयाने मान वर केली.

"शिवला, आई. लगेच शिवला."

"बरं झालं बाई. सुखात हायत म्हणायचं."

फोन बंद झाला. तनया उठून शेजारी आली. "बाबा, इज ही स्टिल अलाइव्ह?"

"कोण, अप्पा?" असं तोंडात आलं होतं दादांच्या. मग कळलं.

"असेल गं."

"यू डोन्ट नो."

दादांनी टीव्ही बंद केला. "जरा ऐका ना सगळे. मला काहीतरी सांगायचंय."

"बोला हबीबी," मुग्धावहिनींचे मिस्टर, दौलतभाऊ ओरडले, "वाघाला पण सँडविच घातलंत की काय?"

परत हशा. दादा थांबले, हशा ओसरायची वाट बघत. आणि तनयाने त्यांचा दंड धरला. एरवी घरात इंग्रजीशिवाय न बोलणारी पोरगी.

"नको बाबा. लोकांसमोर नको."

सुनेत्रावहिनी हसता हसता म्हणाल्या, "अहो बोला की, काय ते?"

दादांनी एकदा पोरीकडे पाहिलं. म्हणाले, "काही नाही. यल्ला, चला, पानं वाढलीयेत."

आणि तनयानेच पहिलं ताट आणून त्यांच्या हातात दिलं. दोन्ही हातांनी.

आता तू सांग. तिने दंड धरलेला असताना तू काय केलं असतंस?