लिंबाच्या पाण्यातला स्पंज

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लावून क्षिप्राची मान आखडली, पण काचपट्टीवर एक सुई दिसेल तर शपथ! सुयाच नाहीत, तर स्पंज ओळखायचा कशावरून? रंग बदलतो, आकार लाटांच्या मर्जीप्रमाणे वाकडातिकडा होतो. प्राण्यांतल्या या अतिप्राचीन कुळाचं गोत्र सांगतात त्या अंगातल्या बारीक सुया. कुणाच्या काचेसारख्या गारेच्या, कुणाच्या चुन्याच्या. काही बिनसुयांचेही असतात, नुसत्या धाग्यांचे, अंघोळीच्या स्पंजासारखे.

करावे गावच्या जुन्या धक्क्याखालून आणलेला हा पांढुरका स्पंज कुठल्याच वर्णनाशी जुळत नव्हता. बाकीचा डीएनएच्या खटाटोपात खपला आणि निकाल शून्य. उरला तो सुपारीएवढा तुकडा. उद्या सकाळपर्यंत त्याचा वर्ग ठरला नाही, तर तो प्रबंधातून बाहेर.

"बिनसुयांच्यात टाक आणि मोकळी हो," तिचे मार्गदर्शक श्यामसुंदर सर फोनवर म्हणाले.

"पण सर, हाताला खरखरत होता!"

"खरखर हा पुरावा नसतो, क्षिप्रा."

तिनं फोन आपटला. तेवढ्यात तिची आई, अरुणाताई, आल्या, कीर्तनाला निघालेल्या, पिशवीत टाळ. आज पौर्णिमा. ज्या बुवांची त्या महिनाभर वाट पाहत होत्या, ते बोनकोड्याच्या देवळात सहाला उभे राहणार होते.

"अजून त्या मेल्या तुकड्यातच डोकं? वास तरी गेला ना आता?"

क्षिप्रानं मान वर केली. "गेला म्हणजे?"

"अगं, पौर्णिमेचा नैवेद्य रांधायचा आणि ओट्यावर बोंबलासारखा वास! काल रात्री वाटीत लिंबू पिळून भिजत घातला. सकाळी धुऊन होता तिथं ठेवला."

"आई! वास नाही गेला, त्याचा सांगाडा गेला!"

"मला काय ठाऊक? एवढा फसफसला, म्हटलं, केवढा मळ हा!"

"काय झालं म्हणालीस?"

"फसफसला. सोडा पडल्यासारखा."

लिंबानं गारेची सुई फसफसत नाही, धागाही नाही. फसफसतो तो चुना. उत्तर सापडलं होतं, आणि सापडता सापडता विरघळूनही गेलं होतं.

तिनं पुन्हा फोन लावला. सर हसले. "आईच्या साक्षीवर वर्ग ठरवू? ताजा तुकडा आण."

"तुकडा कुठून आणू!" फोन ठेवल्यावर ती भिंतीवर ओरडली. "धक्क्याखाली उतरता येईल अशी मोठी ओहोटी आज सहालाच!"

अरुणाताई दारातच घुटमळल्या. "बुवा पूर्वरंगात गाठ मारतात, उत्तररंगात ती स्वतःच सोडवतात. ही गाठ माझी. चल."

"आणि बुवा?"

"चल म्हटलं ना! चिडचिड नंतर कर."

साडेसहाला दोघी धक्क्याखाली घोटाभर चिखलात होत्या. अरुणाताईंचा पदर खोचलेला, एका हातात टॉर्च, ओठांवर चुकलेल्या कीर्तनाची चाल. दगडामागून दगड उलटला. शिंपले, शेवाळ, प्लास्टिक. क्षिप्रा प्रत्येक दगडाला शिव्या घालत होती, आणि दर शिवीला आई "राम राम" म्हणत होती.

मग एका कपारीत जोंधळ्याएवढं पांढुरकं काहीतरी दिसलं. क्षिप्रानं बोट टेकवलं. खरखरीत.

पाणी चढायला लागलं होतं. तिनं घाईघाईनं बाटली उघडली. शेजारी अरुणाताईंनी टाळांच्या पिशवीत हात घालून काहीतरी पिवळं बाहेर काढलं.

"थेंबभर पिळू? आत्ता कळेल."

"आई, ते लिंबू आधी आत ठेव!"