चार महिन्यांनंतरची तक्रार

आमच्या गल्लीच्या टोकाला एक थाई रेस्टॉरंट आहे. आत नऊ टेबलं, आणि दाराजवळच्या कट्ट्यावर दोरीने बांधलेली अभिप्रायवही. वहीची अडतीस पानं भरलीत, त्यातली अकरा बाबांची. बाकीचे लोक लिहितात, 'जेवण छान, सेवा तत्पर.' बाबा लिहितात, 'भात एक वाफ जास्त.' 'गरम सूप थंड वाटीत ओतणे हा सुपाचा अपमान आहे.' आणि सगळ्यात गाजलेला अभिप्राय, 'सुपात काड्या, पानं, मुळं. हे सूप आहे की पालापाचोळा? गाळून वाढावे.'

तिथल्या मालकीणबाई समोर 'या साहेब' म्हणून हसतात आणि आत जाऊन नवऱ्याला सांगतात, "परीक्षक आलेत, जपून." स्वयंपाकघराची खिडकी आमच्या ठरलेल्या टेबलाच्या मागेच आहे, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येतं.

बाबांचा पेशाच चव घेण्याचा. चहाच्या कंपनीत ते सत्तावीस वर्षं चहा चाखतात. दिवसाला दोनशे कप, प्रत्येकाचा चमचाभर घोट. तो फुर्रर असा जोरात ओढायचा, म्हणजे हवेबरोबर वास घशामागून नाकात चढतो. मग थुंकायचं, पुढचा कप. ही सवय ते हॉटेलातही सोडत नसत. आई दर वेळी दबक्या आवाजात म्हणायची, "अहो, लोक बघतायत."

चार महिन्यांपूर्वी त्यांना ताप आला. सहा दिवसांनी गेला, तो जाताना वास घेऊन गेला. खारट, आंबट, गोड, कडू कळत होतं, पण जिभेची धाव तेवढीच. बाकी आपण ज्याला चव म्हणतो, ते जवळजवळ सगळं नाकाचं काम. दोनशे कपांचा बाबांसाठी एकच कप झाला, कडसर गरम पाण्याचा.

मी रोज सकाळी त्यांच्यासमोर चार बाटल्या ठेवायचे. लवंग, कॉफी, लिंबाची साल आणि कापूर. डोळे मिटून प्रत्येकी वीस सेकंद हुंगायचं, ओळखायचं; मी तक्त्यात लिहायचं. पंधरा आठवडे शून्य.

"शून्य लिहून लिहून शाई संपेल तुझी, शास्त्रज्ञबाई," असं म्हणून गेल्या आठवड्यात त्यांनी बाटल्या कपाटात ठेवून दिल्या. रजा संपत आली होती. चाखायला परत येणार की गोदामात बदली घेणार, हे सोमवारी सांगायचं होतं. गोदाम म्हणजे पेट्यांवर लेबलं चिकटवायची. बाबांनी आमच्याशी तो विषयच बंद केला.

आदल्या दिवशी, रविवारी, आईने ओट्यावर फडकं आपटलं. "आज मी काही करणार नाही. चार महिने 'छान झालंय' ऐकून कान किटले माझे. परवा भाजी जळून कोळसा झाली, घरभर धूर, तरी हे म्हणतात छान!"

"मग काय वाईट म्हणू?" बाबा म्हणाले.

"हो! म्हणा ना! तेवढं तरी म्हणा!"

म्हणून दुपारी आम्ही थाई रेस्टॉरंटात गेलो. तापानंतर पहिल्यांदाच. मालकीणबाईंनी ठरलेलं टेबल पुसलं, पाणी ठेवलं, नारळाच्या दुधाचं सूप तीन वाट्या लिहून घेतलं. खिडकीतून "परीक्षक आलेत" ऐकू आलं. बाबांनी ते ऐकलं आणि मेनूकार्डात तोंड घातलं.

सूप आलं. पांढरंशुभ्र, त्यात फक्त मशरूम. बाबांनी चमचा तोंडात घातला, गिळला.

"कसंय साहेब?" मालकीणबाईंनी विचारलं.

"छान आहे."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. "साहेब, रागावलात का आमच्यावर? इतक्या दिवसांनी आलात आणि नुसतं छान?"

आई वाटीकडे बघत बसली. मी माझ्या वाटीतले मशरूम मोजले. पाच होते.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. फुर्रर.

पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने मान वळवली. बाबांनी दुसरा चमचा भरला. फुर्रर. डोळे मिटलेले, भुवया वर. आई 'अहो' म्हणाली आणि पुढचे शब्द तिने गिळले.

"गवती चहा आहे," बाबा हळूच म्हणाले. "आहे. मागे आहे, पण आहे." तिसरा घोट. "लिंबाची पानं मात्र ताजी नाहीत. वाळकी टाकलीत."

मालकीणबाईंचा हात कमरेवरच राहिला. खिडकीतून त्यांच्या नवऱ्याचं डोकं बाहेर आलं. "मी म्हटलं होतं ना तुला, त्यांना कळणार! काल ताजी पानं आलीच नाहीत साहेब, वाळलेली वापरली. आज सकाळपासून कोणाला पत्ता लागला नाही."

मला खात्री करून घेतल्याशिवाय चैन पडेना. "पण पानं दिसली असतील ना त्यांना?"

"दिसतील कशी?" मालकीणबाई म्हणाल्या. "साहेबांनीच वहीत झापलं होतं ना, गाळून वाढा म्हणून! तेव्हापासून सगळं गाळूनच देतो."

मी वाटी ढवळून पाहिली. पानाचा तुकडासुद्धा नव्हता. आंबटपणा लिंबाच्या रसाचा, तो जिभेलाही कळला असता. पण पान ताजं की वाळकं, हे जीभ सांगू शकत नाही.

"बाबा, हे नाकाने सांगितलं," मी म्हणाले.

"मग काय कानाने?"

आई हसायला लागली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मालकीणबाई घाबरल्या. "बदलून देऊ का वाटी? पैसे लावत नाही मी ह्याचे—"

"नको हो, बाई," आई म्हणाली. "अगदी अशीच राहू दे."

बाबांनी माझी वाटी ओढली, तीही चाखली. चौथा, पाचवा घोट झाला. प्रत्येक वेळी ते थोडं थांबत होते, जणू जिन्यावर अंधारात पायरी चाचपतायत. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "सगळं नाही आलेलं. मशरूमचा वास कुठेच नाही."

"उद्या कंपनीत काय सांगणार?" आईने विचारलं.

"हेच. म्हणावं, मी गोदामात जात नाही. वीस कपांपासून सुरू करतो आणि जे कळत नाही ते कळत नाही म्हणतो." मग माझ्याकडे वळून, "बाटल्या कुठे ठेवल्यात गं मी?"

"वरच्या कप्प्यात. घरी गेल्यावर काढते."

"कापूर शेवटी दे. तो मला कधी आवडलाच नाही."

मालकीणबाईंनी न सांगता वही सोडून आणली, पेनसुद्धा. बाबांनी आपल्या बाराव्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं, 'पानं वाळकी. वाटी मात्र गरम होती, धन्यवाद.' मग उरलेल्या सुपाचा फुर्रर असा घोट घेतला की पलीकडचा माणूस पुन्हा वळला.

आईने त्याच्याकडे रोखून पाहिलं, तो समोर बघेपर्यंत. मग आपली वाटी बाबांकडे सरकवली.