सहा हजार फुटांचा मुखवटा

मी एक मुखवटा बोलतोय. जत्रेत पोरं घालतात तो वाघाचा नव्हे. पळणाऱ्यांनी नाकातोंडावर आवळून बांधायचा, काळ्या रबराचा, पुढे गोल झडपा असलेला. आयुष्यभर मी दुसऱ्याचं तोंड दाबलं. आता स्वतः बोलायला बसलोय त्याची मला लाज वाटते, पण बोलल्यावाचून राहवतही नाही.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. जिना सोडला तर मी कुठली चढण पाहिली नव्हती. तरी माझ्या खोक्यावर बर्फाच्या शिखरावर उभा असलेला एक दणकट गडी छापला होता. झडपांवर आकडे होते: तीन हजार फूट, सहा हजार, नऊ हजार, बारा हजार. झडप फिरवा आणि घरबसल्या तेवढ्या उंच डोंगरावर पळण्याचा फायदा मिळवा, असं खोक्यावर लिहिलं होतं.

हे खोटं आहे, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डोंगरावर हवाच विरळ असते. मी हवा विरळ करत नाही. मी फक्त दार लोटून घेतो, म्हणजे आतल्या माणसाला श्वास ओढायला जड जातं, बस्स. पण जड जातं म्हटल्यावर माणसाला वाटतं, काहीतरी नक्की होतंय. दमला की त्याला समाधान होतं, कशानं दमलो ते तो विचारत नाही.

माझा पहिला मालक जवाद. मूळचा मोरोक्कोतल्या डोंगरातला, पण ब्रसेल्सला ट्राम चालवायचा. त्यानं मला दोनदा घातलं. तिसऱ्यांदा आरशात बघून "ह्यात माझा चेहराच दिसत नाही," म्हणाला आणि मला कपाटात टाकलं. ऑगस्टात सगळे गाववाले गाड्यांच्या टपावर सामान बांधून घरी निघतात, तेव्हा आत्याच्या मुलीला काय न्यावं, हा प्रश्न त्याला पडला. मग मला पुसलं, खोक्यात परत भरलं, वर चमकता कागद लावला. असा मी भेटवस्तू झालो.

आत्याचं घर तिमहदीत नावाच्या डोंगरगावाच्या वरच्या अंगाला. मेंढ्या, वारा आणि दगड. आत्याचा नवरा हम्मू मेंढपाळ, दारात एक गाय. त्यांची धाकटी मुलगी इत्तो. लहानपणापासून मेंढ्यांमागे पळत आली आणि पळणंच तिच्या अंगात भिनलं. माझ्या वाट्याला दुसरी कुठलीही मुलगी आली असती तरी चाललं असतं. तीच का मिळाली?

जवादनं मला चहाच्या वेळी सगळ्यांसमोर काढलं. "युरोपात सगळे मोठे धावपटू हेच वापरतात," तो म्हणाला. इत्तोच्या आईनं डोळे पुसले. हम्मूनं मला हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"वासराचं दूध तोडताना आम्ही असंच मुसकं बांधतो," तो म्हणाला.

"अहो, काहीतरीच काय!" आई ओरडली. "पोरानं एवढ्या लांबून आणलंय."

हम्मू ओशाळला. त्या घरात आणलेल्या वस्तूला नाव ठेवणं म्हणजे आणणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. त्यानं मला कपाळाला लावलं आणि मुलीच्या हातात दिलं.

ती वेळ इत्तोसाठी साधी नव्हती. राजधानीजवळच्या एका क्लबात दर वसंतात मुलींची निवड होई. सहा किलोमीटरची शर्यत, पहिल्या चौघींना राहायला खोली, जेवण, बूट, शिकवायला माणसं. वयाची अट तेविसाव्या वर्षापर्यंत. इत्तोला तेविसावं चालू होतं. म्हणजे एकच शर्यत उरली होती. ती हुकली तर मेकनेस शहरात जैतुनाची फळं खारवायच्या कारखान्यात मोठ्या बहिणीशेजारी उभं राहायचं, हे घरात ठरून गेलं होतं. बहीण सणाला घरी आली की भाकरी मोडताना तिच्या हातांना खारवणीचा वास यायचा. इत्तो तो वास आला की उठून बाहेर जायची.

तिला शिकवायचे बास्सूकाका. एके काळी फौजेच्या संघातून शर्यती पळलेले, आता गुडघा गेलेला, गळ्यात सुतळीला बांधलेलं घड्याळ. गावातल्या दोन पोरींना ते फुकट शिकवत: इत्तो आणि तिची मैत्रीण सुमिया. मला बघून त्यांनी चष्मा वर केला.

"ह्या झडपेवर काय लिहिलंय गं?"

"सहा हजार फूट, काका."

"आणि तू आत्ता उभी कुठे आहेस?"

इत्तोनं खाली पाहिलं. आमच्या पायाखालचा तो डोंगरच सहा हजार फुटांचा होता.

"परदेशातली माणसं पैसे मोजून ह्या हवेला येतात," काका म्हणाले. "तुला ती जन्मल्यापासून फुकट आहे. आणि तू रबराचं झाकण लावून तीच हवा खालून मागवतेस? अगं वेडे!"

सुमिया पोट धरून हसली. मीही हसलो असतो. पण इत्तो हसली नाही. "काका, ते मोठे लोक मूर्ख आहेत का?" ती म्हणाली. तिच्या आवाजात मला भीती ऐकू आली. एकच संधी उरलेल्या माणसाला आपल्याजवळ आहे ते पुरेल असं कधी वाटत नाही. बाहेरून काहीतरी यावं लागतं. मी बाहेरून आलो होतो.

मग हिवाळाभर मी तिच्या तोंडावर होतो. तिचा प्रत्येक श्वास माझ्यातून गेला. पूर्वी ती एक किलोमीटर सव्वातीन मिनिटांत पळायची. माझ्यासकट पावणेचार लागायची. पाऊल आखूड पडू लागलं, खांदे वर चढले. काका घड्याळ दाखवायचे आणि ती म्हणायची, "शर्यतीच्या दिवशी हा काढीन ना, तेव्हा बघा. उडेन नुसती!"

कशी उडणार होतीस, बाई? हळू पळून पळून पाय हळू पळणंच शिकतात. मला हे कळत होतं. मला तोंड नव्हतं, तिला होतं, तेही मीच झाकलेलं.

रमजान आला. रोजा असला तरी पळणं चुकत नसे. सूर्य मावळायला तासभर असताना दोघी निघत, म्हणजे परत आल्या की लगेच पाणी आणि खजूर. बाराव्या रोजाला चढावर इत्तो रस्त्याच्या कडेला कोसळली. माझ्या आत तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. काका लंगडत धावत आले. त्यांनी मला ओरबाडून काढलं.

"पाणी पी. अल्ला माफ करतो."

"वीस मिनिटं राहिलीत, काका," ती म्हणाली आणि तशीच आडवी पडून राहिली.

काकांनी मला गरकन फिरवून खालच्या ओढ्यात भिरकावलं. दगडांत अडकून, बर्फाच्या पाण्यात मी पडलो. खरं सांगू? इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

नऊ दिवस मी ओढ्यात होतो. वरच्या रस्त्यानं ती पळत जायची, मी पावलं ऐकायचो. तिसऱ्या दिवशी पाऊल लांब पडू लागलं. सातव्या दिवशी सुमिया मागे राहिली. "थांब की गं, मेले!" तिची हाक ऐकू आली, आणि इत्तोचं मोकळं हसू. मला वाटलं, संपलं माझं पाप. इथेच कुजू दे मला. पण रबर कुजत नाही.

दहाव्या दिवशी हम्मू मेंढ्या पाण्यावर घेऊन आला आणि मी त्याला दिसलो. बिचाऱ्याला वाटलं, हरवलाय. त्यानं मला अंगातल्या लांब जलाब्याच्या बाहीनं पुसलं आणि घरी नेलं. आईनं कोमट पाण्यानं धुतलं. रोजा सोडून सगळे हरीरा, म्हणजे डाळींचं गरम सूप, पीत होते, तेवढ्यात जवादचा फोन आला. "कसा आहे माझा मुखवटा? इत्तोचा फोटो पाठवा ना तो घातलेला. इथे सगळ्यांना दाखवतो, माझी बहीण आहे म्हणून."

इत्तोनं फोटोपुरतं मला घातलं. मग कौतुकाचे निरोप आले. मग ती काकांकडे गेली.

"काका, ह्या नऊ दिवसांत मी किती सुधारले, पाहिलंत?"

"पाहिलं. तेच तर सांगतोय."

"तो ह्याचाच गुण! हिवाळाभर घातला त्याचं फळ आता मिळतंय. शर्यतीला अजून तीन आठवडे आहेत, काका. एवढ्यावर सोडू?"

 काकांनी घड्याळ गळ्यातून काढून खिशात टाकलं. "मग तुझं तू बघ, पोरी," म्हणाले आणि सुमियाला घेऊन गेले.

माणसांची ही खोड मला मारून टाकते. मी नसताना बरं झालं तरी श्रेय मला, आणि मी असताना वाईट झालं तर म्हणायचं, अजून थोडं हवं.

शर्यत क्लबाजवळच्या निलगिरीच्या झाडांच्या रानात होती. रागावलेले काका तरी आलेच. इत्तोनं मला काढून पिशवीत ठेवलं आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. "आता बघा," ती म्हणाली. वरच्या उघड्या कप्प्यातून मला सगळं दिसत होतं.

पहिले दोन किलोमीटर ती पुढच्या घोळक्यात होती. तोंड उघडं, हवा भरपूर, पण पाय ते नव्हतेच. मी तीन आठवड्यांत ते परत घेतले होते. चौथ्या किलोमीटरला तिचे खांदे वर चढले, पाऊल आखूड झालं. तिथे कुणी तिचं तोंड दाबत नव्हतं आणि तरी ती मी तोंडावर असल्यासारखी पळत होती. सुमिया तिला ओलांडताना ओरडली, "चल इत्तो, माझ्या मागे लाग!" तिला नाही लागता आलं.

सुमिया तिसरी आली. इत्तो सातवी.

काकांनी पिशवीतून तिची शाल काढली, तिच्या अंगावर घातली आणि म्हणाले, "चल, चहा पिऊ." मला वाटलं, आता तरी मला इथे फेकतील. पण भेटीची वस्तू. पिशवीबरोबर मीही घरी परत गेलो.

पुढच्या आठवड्यात इत्तो मेकनेसला गेली. मला तिनं खुंटीवर अडकवलं. गाय व्याली होती, पाडी मोठी होत चालली होती. हम्मूनं एक दिवस मला खुंटीवरून काढलं, झडपा उपटल्या, बाहेरच्या अंगानं खिळे ठोकले आणि पाडीच्या तोंडावर बांधलं. पाडी आचळाला तोंड लावायला जाते, खिळे गाईला टोचतात, गाय लाथ मारते. आई आपल्याला का लाथाडते ते त्या लेकराला कळत नाही. ते पुन्हा जातं. हम्मूनं पहिल्या दिवशी मला बरोबर ओळखलं होतं.

ह्या ऑगस्टात जवाद परत आला. गाडीतून मोठं खोकं उतरलं, त्यात माझ्यासारखे बारा. इत्तोही चार दिवसांच्या रजेवर आली होती. अंगणात चहा मांडला होता, गावातल्या चार पोरी पळण्याचे बूट घालून आल्या होत्या. फोटो त्यांनी पाहिला होता. गोठ्याच्या दारातून मी बघत होतो.

"विचारा तुमच्या इत्तोताईला," जवाद म्हणाला. "तिनं वर्षभर वापरलाय."

त्यातली सगळ्यात लहान पुढे झाली. "ताई, खरंच उपयोग होतो का गं?"

इत्तोच्या हातात चहाचा पेला होता. समोर जवाद, एवढ्या लांबून आलेला, हसत उभा. बाजूला आई. हम्मू किटली उंच धरून चहा ओतायचा थांबला. बोल, इत्तो. एकदा तरी बोल. मी खिळ्यांसकट आतल्या आत ओरडत होतो.

"होतो," इत्तो म्हणाली. "चांगला आहे."

हम्मूनं मान खाली घातली आणि चहा ओतला.

संध्याकाळी दूध काढायच्या वेळेला ती गोठ्यात आली. पाडीच्या तोंडावरून मला सोडवलं. खिळे, भोकं, सगळ्यावरून बोट फिरवलं. एका झडपेचा तुकडा कडेला राहिला होता, त्यावर सहा हजाराचा आकडा तेवढा अजून होता. तिच्या हातांना खारवणीचा वास येत होता. पाडी धावत जाऊन आचळाला भिडली.

"अगं, बांध तिला!" हम्मू दारातून ओरडला. "सगळं दूध पिईल."

"पिऊ दे, बाबा," ती म्हणाली आणि मला मांडीवर घेऊन रडली. मला ढसाढसा रडता आलं असतं तर मीही रडलो असतो. तिचं वर्ष मी खाल्लं. ते मला परत देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेकनेसच्या बसला बसली. हम्मूनं मला पुन्हा पाडीला बांधलं.

आत्ता तिथेच आहे. मघाशी दारावरून त्या चार पोरी चढाकडे पळत गेल्या. तोंडं काळी, झाकलेली. तो शिट्टीसारखा श्वास मी ओळखला. अहो, तुमच्यापैकी कुणीतरी बाहेर जा आणि त्यांना थांबवा. भेट देणाऱ्याला काय वाटेल ते वाटू दे. मला सांगता येत नाही. मी पाडीच्या तोंडावर बांधलेला आहे.