कुरणातला बसथांबा

मी बसथांबा बोलतोय. इकडेतिकडे पाहू नका, रस्ता शोधू नका. रस्ता नाही. मी एका कुरणाच्या मधोमध उभा आहे, माझ्या पत्र्याखाली गाई उभ्या आहेत आणि त्यातली एक या क्षणी माझ्या डाव्या खांबाला मान घासते आहे. बसथांब्याचं कुरणात काय काम, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही सुरुवातीला पडला होता.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. चार लोखंडी खांब, वर पन्हळी पत्रा, पुढे नंबराची पाटी. ज्यानं मला जोडलं तो हाताचा चांगला पण घाईचा माणूस होता. एक खांब बोटभर आखूड झाला. "चालतंय, खाली दगड लावा," म्हणाला आणि चहाला गेला. दगड कोणी लावला नाही. तेव्हापासून मी जरा पुढे कलून उभा आहे. गाडी येतेय का ते बघणाऱ्याला हे शोभून दिसतं, असं मी स्वतःला समजावतो.

मला एका फाट्यावर उभं केलं आणि तिथं मी माणसं पाहिली. माणसं गाडीची वाट फार मेहनतीनं बघतात. मान लांब करून बघतात, रस्त्यात दोन पावलं जाऊन बघतात, रस्ता बघून घड्याळ आणि घड्याळ बघून पुन्हा रस्ता. जणू बघणं थांबवलं तर येणारी गाडी बिचकून परत जाईल. आणि प्रत्येक गर्दीत एक गृहस्थ असायचेच, जे स्वतः नुकतेच आलेले असूनही "आत्ताच गेली" असं छातीठोकपणे सांगायचे.

त्या मार्गावर एक तरुण कंडक्टर होता. नियमाचा पक्का. गाडीवर जेवढे प्रवासी लिहिले आहेत तेवढेच आत, वर एक नाही. दारात लोंबकळणाऱ्याला तो गोड आवाजात सांगायचा, "उतरा साहेब, मागची गाडी रिकामी येतेय." मी तिथलाच, म्हणून सांगतो. मागे गाडीच नव्हती. त्या मार्गावर दिवसाला तेवढी एकच गाडी होती.

एकदा दुधाची रिकामी किटली घेतलेली एक मुलगी अशीच मागे राहिली. बिचारी अंधार पडेपर्यंत माझ्याखाली उभी होती, मग पायी गेली. दुसऱ्या दिवशी गाडी थांबल्याबरोबर तिनं ती किटली कंडक्टरच्या पायाशी आदळली.

"कुठाय तुमची मागची गाडी?"

"येईल की," तो म्हणाला, पण कानापर्यंत लाल झाला.

पुढे ते भांडण रोजचं झालं. मग असं झालं की ज्या दिवशी भांडण नसेल त्या दिवशी दोघांनाही करमेना. शेवटी त्यांनी लग्न केलं. आपल्या छपराखाली असं काही जुळलं की लोखंडालासुद्धा बरं वाटतं.

मग नवा रुंद रस्ता झाला, तो भलतीकडूनच गेला. बसनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी तिथंच गंजत राहिलो. वाट बघायला कोणी नाही आणि बघण्यासारखं काही नाही, अशी माझी अवस्था झाली. मी मनाची तयारी केली होती की आता भंगारवाला येईल. आला तो कंडक्टर.

त्याची नोकरी संपली होती. डेपोतल्या लोकांनी विचारलं होतं, निरोपाची भेट म्हणून काय हवं? लोक अशा वेळी घड्याळ मागतात, पंखा मागतात. हा म्हणाला, "तो जुना थांबा द्या." त्यांनी मला उपटलं, ट्रकमध्ये आडवं केलं आणि त्याच्या दारात आणून टाकलं. बायको हात पुसत बाहेर आली.

"जन्मभर नोकरी केलीत आणि घरी काय आणलंत, तर थांबा!"

मग तिला माझा आखूड खांब दिसला. ती जवळ आली, त्यावरून हात फिरवला आणि तिचा आवाजच बदलला. "हाच का तो? बरं. आणलाय तर आणलाय. गाईंना सावली होईल."

सावलीची तिला खरोखर नड होती. तिच्या नऊ गाई. कुरण मोठं, गवत चांगलं, पण झाड एकच होतं आणि ते वादळात पडलं होतं. त्यानंतरचा उन्हाळा गाईंनी कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. दुपारी जिभा बाहेर काढून धापा टाकत उभ्या असायच्या, दूध निम्म्यावर आलं होतं. म्हणून मला कुरणात रोवलं तेव्हा ती लहान मुलीसारखी खूश झाली. मीही झालो. आयुष्यभर लोक माझ्या सावलीत उभे राहून दुसऱ्याच कुणाची वाट बघत होते. या गाई माझ्यासाठी येणार होत्या.

घोळ पहिल्याच दुपारी झाला. ऊन चढलं, गाई एकदम माझ्याखाली घुसल्या, आणि कंडक्टरच्या अंगात कंडक्टर संचारला.

"अरे, ढकलाढकली नको! एकेकीनं! पुढे सरका, पुढे जागा आहे!"

त्यानं जमिनीवर चुन्याची रेघ मारली आणि गाईंना तिच्यामागे रांगेत उभं केलं. माझ्या एका कोपऱ्यात स्वतःसाठी लाकडी बाकडं ठेवलं. मग टेपनं मला मोजलं, गाय मोजली, बराच वेळ बोटांवर हिशेब केला आणि पत्र्याखालच्या पट्टीवर रंगानं लिहिलं: उभे प्रवासी आठ, अधिक कंडक्टर.

गाई नऊ होत्या.

नववी नेहमी थोरलीच असायची. ती सगळ्यांत म्हातारी, गुडघ्यानं अधू, त्यामुळे रांगेत शेवटी पोचायची. बायकोनं तिला वासरू असल्यापासून वाढवलेलं, आणि या वयात ती गाभण होती. दिवस भरत आले होते. पण कंडक्टर रेघेपाशी आडवा हात धरायचा आणि तिला अगदी आदरानं सांगायचा, "फुल आहे, आजी. मागची गाडी रिकामी येतेय."

थोरली मान वळवून मागे बघायची. मी शपथेवर सांगतो, ती खरंच बघायची. माणसांच्या रांगेत उभं राहिलं की गाईलाही ती सवय लागते.

तुम्ही म्हणाल, माणूस दुष्ट होता. मुळीच नाही. तो थोरलीला बादलीनं पाणी आणून पाजायचा. ओलं गोणपाट तिच्या पाठीवर टाकायचा. टोपीनं वारा घालायचा. फक्त जागा देता येत नव्हती, कारण जागा त्याच्या हातात नव्हती, ती पट्टीवर लिहिलेली होती. आणि ती पट्टी त्यानं स्वतःच रंगवली होती, हे सांगायला गेलं की म्हणायचा, "म्हणून तर जास्त जबाबदारी."

बायकोनं करायचं ते सगळं केलं. एकदा थोरलीला दाव्याला धरून आत घुसवलं. त्यानं शिट्टी फुंकली. "गाडी ओव्हरलोड आहे! सगळ्यांनी उतरून घ्या!" आणि त्या आठजणी शिट्टीला इतक्या सरावल्या होत्या की मुकाट्यानं उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. पत्र्याखाली एकटी थोरली. मग तीही बाहेर गेली, कारण सगळ्या बाहेर होत्या. माझी सावली दुपारभर रिकामी पडली.

दुसऱ्या दिवशी तिनं काठ्या रोवून त्यांना चादर बांधली. कुरणातला वारा ती चादर घेऊन कुंपणापलीकडे गेला. मग तिनं थोरलीला घरी गोठ्यात ठेवून पाहिलं. तिथं ती कळपासाठी हंबरत राहिली, चाऱ्याला तोंड लावेना. पुन्हा कुरणात आणावी लागली. पुन्हा रेघेबाहेर.

एका सकाळी गुरांचे डॉक्टर आले. थोरलीच्या पोटाला हात लावला, डोळे पाहिले आणि तोंड गंभीर केलं. "हिला दुपारच्या उन्हात अजिबात ठेवू नका. एक दुपारही नको. गाय जाईल आणि वासरूही जाईल."

"तेच तर मीही म्हणतोय," कंडक्टर म्हणाला. "लवकर यायला हवं तिनं."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं कपाळाला हात लावला. डॉक्टर बॅग उचलून निघाले, आणि जाताना कंडक्टरनं त्यांना विचारलं की पुढच्या गाडीनं जाणार का.

त्या दुपारी ऊन असं होतं की माझा पत्रा कडकड वाजत होता. आठजणी आत आल्या. कंडक्टर बाकड्यावर बसला. मी वाट बघत होतो, वाट बघणं माझ्या हाडांतच आहे, पण या वेळी मी एकेक पाऊल मोजत होतो. कारण लांबून थोरली येताना दिसत होती. पाय ओढत, तोंडाला फेस. तिच्या गळ्यातलं दावं धरून बायको चालत होती.

त्या रेघेपाशी आल्या. कंडक्टरनं हात आडवा धरला. बायको भांडली नाही. ती रांगेत उभी राहिली, थोरलीच्या मागे, सरळ, प्रवाशासारखी. उन्हाळाभर तिनं त्याच्या त्या भाषेत एक शब्द बोलायचं नाकारलं होतं. आता बोलली.

"कंडक्टर, हिला बसवून घ्या."

तो उठून उभा राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याला 'अहो' म्हटलं होतं, रागात काहीच म्हटलं नव्हतं, पण कंडक्टर कधी म्हटलं नव्हतं.

"फुल आहे," तो चाचरत म्हणाला. "मागची गाडी..."

"मागच्या गाडीची वाट मी याच थांब्यावर पाहिलीय," ती म्हणाली. "अंधार पडेपर्यंत. किटली घेऊन. ती अजून यायचीय, अहो. ही तेवढी थांबायची नाही."

थोरलीचे पुढचे पाय थरथरायला लागले होते. कंडक्टरनं आत पाहिलं. एकेका गाईकडे पाहिलं, कोणी जागा देतंय का. कोणी देईना. गाडीत बसलेले प्रवासी अशा वेळी खिडकीबाहेर बघतात. गाई रवंथ करत बाहेर बघत होत्या. मग त्यानं मान वर करून पट्टी वाचली. ओठ हलवत, एकेक अक्षर वाचलं. 'अधिक कंडक्टर' या शब्दांशी तो थांबला.

त्यानं बाकडं उचललं आणि बाहेर आला.

चालत्या गाडीतून कंडक्टर उतरला, असं माझ्या ऐकण्यात नाही. त्यानं बाकडं रेघेपलीकडे उन्हात ठेवलं, गळ्यातली शिट्टी काढून बायकोच्या हातात दिली आणि थोरलीच्या पाठीला हात लावला. "चढा, आजी. सावकाश. पाय सांभाळून." थोरली आत आली. जिथं बाकडं होतं त्या कोपऱ्यात तिनं अंग टाकलं आणि इतका मोठा श्वास सोडला की माझी पाटी हलली. माझा जीव भांड्यात पडला.

"आणि तुम्ही?" बायकोनं विचारलं.

"मी मागच्या गाडीनं येतो."

तिनं शिट्टी ओच्यात टाकली आणि त्याच्याशेजारी बाकड्यावर बसली. दोघं भर उन्हात, माझ्याकडे तोंड करून. त्याची टोपी त्यानं तिच्या डोक्यावर ठेवली. तिनं ती काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. असं बराच वेळ चाललं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला रोज खुपायची. दुपार कलली की कंडक्टर शिट्टी फुंकायचा, ड्युटी संपायची, गाई घेऊन तो पाण्यावर जायचा. आणि नेमकी त्यानंतर माझी सावली लांब व्हायला लागायची. कुंपणाकडे सरकत सरकत ऐसपैस पसरायची, नऊ काय वीस गाई मावतील एवढी. रोज. आणि ती बघायला तिथं कोणी नसायचं.

त्या दिवशी मात्र शिट्टी वाजली नाही. तो प्रवासी होता, प्रवाशानं शिट्टी कशी वाजवायची? गाई आतच राहिल्या, ती दोघं बाकड्यावरच राहिली. ऊन कललं. माझी सावली रेघेपर्यंत आली. रेघ ओलांडून गेली. त्याच्या चपलांवर चढली, गुडघ्यांवर आली, मग दोघांच्याही मांडीवर, खांद्यांवर आणि शेवटी त्या एका टोपीवर आली.

कंडक्टरनं वर पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं. इतकी जागा, आणि सगळी रिकामी.

"अगं," तो हळूच म्हणाला, "आली."

"किती उशीर," ती म्हणाली आणि रडायला लागली.

आयुष्यभर मी गाडीची वाट बघणाऱ्यांना सावली दिली. ज्या गाडीची सगळ्यांत जास्त वाट बघितली गेली ती मीच असेन, हे मला कुठं ठाऊक होतं!

थोरली दोन दिवसांनी माझ्याखालीच व्यायली. कालवड झाली. बायको धास्तावून नवऱ्याकडे बघत राहिली, कारण आता त्या दहा झाल्या होत्या. त्यानं कालवडीला नीट न्याहाळलं आणि निकाल दिला, "लहान मुलांना मोजत नाहीत."

आता मी म्हातारा झालोय. पत्र्याला भोकं पडलीत, आखूड खांब आणखी खचलाय. पट्टीवरचा रंग उडालाय, तो पुन्हा कोणी भरलेला नाही. बाकडं अजून रेघेपलीकडेच असतं. रोज दुपारी ती दोघं तिथं येऊन बसतात, एकच टोपी घेऊन, आणि माझ्याकडे बघत राहतात. मला एवढंच मागायचंय की यंदाचा उन्हाळा संपेपर्यंत मला पडू देऊ नका. त्यांना वेळेवर पोचायचं असतं आणि मला अजून रोज तिथवर जावं लागतं.