बाइन्ताचा डावा पाय

बाइन्ताने माझ्याकडे स्टूल मागितलं तेव्हा तिला सहावा महिना लागला होता. मी आमच्या बेटावरच्या मासळीच्या कारखान्यात मुकादम. सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या कॉड माशाच्या तुकड्यांतले काटे काढून ते पुढे सरकवायचे, हे तिचं काम. आठ तास उभ्याने. मी म्हटलं, पट्टा उभ्या माणसाच्या उंचीचा आहे, बसून तुझा हात पोचायचा नाही. ते खोटं नव्हतं. पण उंच स्टूल मागवता आलं असतं, हेही मला ठाऊक होतं.

मला हे काम शिकवलं तिच्या आईने, रान्वांनी. त्या चाळीस वर्षं इथे उभ्या राहिल्या. मधे तीन बाळंतपणं झाली, पण बसायला म्हणून त्यांनी कधी काही मागितलं नाही. गावात हे कौतुकाने सांगितलं जायचं. सांगणाऱ्यांत मीही होते.

बाइन्ताने पुन्हा विषय काढला नाही. एकदा कॉफीच्या सुट्टीत तिने डाव्या पायाची विजार वर केली. घोट्यापासून गुडघ्याच्या मागून थेट मांडीपर्यंत जांभळ्या शिरा टरारून फुगल्या होत्या, जागोजागी गाठी. संध्याकाळपर्यंत पायात शिसं ओतल्यासारखं होतं, म्हणाली. सुईणीने तिला समजावलं होतं की पोटातल्या बाळाचा भार पडतो, पायातलं रक्त वर चढायला अडतं. एका जागी उभं राहू नकोस, चालत राहा, बसलीस की पाय वर घे, डाव्या कुशीवर झोप. आणि मांडीपर्यंतचे घट्ट मोजे घाल, तेही सकाळी जमिनीवर पाय टेकण्याआधी.

ते मोजे घालणं हीच मोठी कसरत होती. पोटामुळे तिला वाकता येईना. नवरा, ऐयुन, दूर समुद्रात मासेमारीच्या ट्रॉलरवर. दोन महिने तरी परतणार नव्हता. शेवटी तिने आईला विचारलं.

मायलेकींचं फारसं सूत नव्हतं. रान्वांची जीभ तिखट. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी पाय सुजले की आम्ही मोठे बूट घ्यायचो." पण त्यानंतर रोज पहाटे साडेपाचला, वारा असो की गारा, त्या चढ चढून येत. पकड यावी म्हणून भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून, लेकीचा पाय मांडीवर घेऊन, मोजा इंच इंच वर सरकवत. बाइन्ता म्हणायची, आई एवढा वेळ माझ्याजवळ कधी बसली नव्हती.

आठव्या महिन्यातली गोष्ट. रान्वांनी मोजा पोटरीपर्यंत आणला आणि हात थांबवला. गुडघ्याच्या वर, मांडीच्या आतल्या बाजूला, एक शीर लालबुंद झाली होती. बोट लावलं तर दोरीसारखी कडक आणि गरम.

"कालपासून दुखतंय जरा," बाइन्ता म्हणाली. "मलम चोळते मी. तू ओढ, मला उशीर होतोय."

"चोळू नकोस," रान्वा म्हणाल्या. त्यांनी मोजा परत उतरवला. "आज कामाला जायचं नाही."

त्यांनी सुईणीला फोन केला. सुईण म्हणाली, आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या. मग त्यांनी मला फोन केला. म्हणाल्या, गाडी काढ, राजधानीला, तोर्सहाव्हनला जायचंय. काम दुसरीवर सोपवून मी निघाले. बाइन्ता मागच्या सीटवर पाय लांब करून बसली.  समुद्राखालच्या बोगद्यात शिरलो तेव्हा रान्वा समोर बघतच बोलायला लागल्या.

"सुन्नवाच्या पायाला असंच झालं होतं."

सुन्नवा त्यांची धाकटी बहीण. बाळंतपणानंतर नवव्या दिवशी स्वयंपाकघरात उभी असताना कोसळली होती. सगळे म्हणत, हृदय कमजोर होतं. बाइन्ताने तिला फक्त फोटोत पाहिलेलं.

"मला दाखवला होता तिने पाय," रान्वा म्हणाल्या. "मी म्हटलं, लाड पुरे, उठून कामाला लाग, चालशील तसं जाईल. बत्तीस वर्षं झाली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

  मी आरशात पाहिलं. बाइन्ता आईच्या मानेकडे बघत होती.

इस्पितळात पायाची सोनोग्राफी केली. शिरेत गुठळी झाली होती. ती कातडीलगतच्या शिरेतच होती, आतल्या मोठ्या शिरेत उतरली नव्हती, पण तिथून फार लांबही नव्हती. तिथली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. रोज एक इंजेक्शन घ्यायचं, बाळंतपणानंतरही सहा आठवडे. आणि आता कारखान्यात जाणं बंद.

बाहेर बाकावर रान्वा आणि मी शेजारी बसलो होतो. मी त्यांना स्टुलाचं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुझ्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हणून ते बरोबर ठरत नाही."

दुसऱ्याच आठवड्यात मी पट्ट्यापाशी चार उंच स्टुलं आणवली. पहिले काही दिवस त्यांवर कुणी बसलं नाही. एक जण तर मला म्हणाली, आता काय पाटही मांडणार का? मग पासष्टीची एक बाई मुकाट्याने जाऊन बसली आणि तिच्यामागून बाकीच्या.

बाइन्ताला जानेवारीत मुलगा झाला. ऐयुन आदल्या आठवड्यातच परतला होता. मोजे घालायला आता तो होता, तरी रान्वा पहाटे यायच्याच. इंजेक्शन झालं की नाही ते बघून जायच्या. हळूहळू शिरा बऱ्याच ओसरल्या. गुडघ्यामागच्या दोन-तीन गाठी मात्र तशाच राहिल्या. त्या बहुधा राहतीलच.

शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी मी भेटायला गेले. रान्वा नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाइन्ताने कॉफी आणून ठेवली, समोर बसून पाय स्टुलावर घेतले आणि विचारलं, "आई, सुन्नवामावशी कशी होती गं?"

रान्वांनी नातवाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाल्या, "वात्रट होती. चर्चमध्ये मला हसवायची." आणि दुपार सरेपर्यंत त्या बोलत राहिल्या. मधे एकदा रडल्या, पण बोलणं थांबवलं नाही.